मातीचा पैसा

दिवाळीत माणसाने काय काय करावे, हे पंचांगात सविस्तर दिलेले असते. पाडव्याच्या रात्री काय करायचे, हे मात्र आमच्या घराला पंचांगात पाहावे लागत नाही. ओवाळणी झाली, जेवणे आटोपली, की माजघरात सतरंजी अंथरली जाते आणि पत्त्यांचा जोड बाहेर येतो. आम्ही दोघे भाऊ, दोन चुलतभाऊ आणि एक मेहुणे, असे पाचजण तीन पत्ती खेळायला बसतो. कुणी नाक मुरडलेच, तर शास्त्राधार तयार असतो. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला शंकर-पार्वती द्यूत खेळले अशी कथा आहे, आणि द्यूतप्रतिपदा हे या तिथीचे एक नावच आहे. जे कैलासावर चालते ते गुलमंडीच्या बोळात का चालू नये?

वडील होते तोवर आम्ही चिंचोक्यांवर खेळत होतो. त्यांच्यादेखत पैसा काढायची कुणाची छाती नव्हती. ते गेले आणि चिंचोक्यांच्या जागी नाणी आली. नाण्यांच्या जागी नोटा केव्हा आल्या, ते माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरलाही सांगता येणार नाही. खेळ तोच, सतरंजी तीच, माणसेही तीच. वाढला तो फक्त डाव.

पाच वर्षांपूर्वीच्या पाडव्याला आमचा धाकटा सारखा हरत होता. हरता हरता हसत होता. शेवटी रिकामे पाकीट खिशात घालून तो उठला आणि म्हणाला, “दादा, आज लक्ष्मी रुसली बघ.” आम्हीही हसलो. पुढच्या पाडव्याला त्याचे डोके दुखत असल्याचा निरोप आला. त्याच्या पुढच्या पाडव्याला निरोपही आला नाही. मग भाऊबीजेला बहिणीकडून कळले, की त्या दिवाळीआधी दोन महिने त्याची नोकरी सुटली होती आणि त्या रात्री खिशात होते ते पैसे मुलीच्या शिकवणीच्या फीचे होते.

आणि त्या रात्री सगळ्यांत जास्त जिंकला होता कोण? मी.

पैसे परत द्यावेत असे पहिल्यांदा मनात आले. पण हरलेले पैसे थोरल्या भावाने घरी नेऊन दिले, तर धाकटा पत्त्यांतूनच नव्हे, आपल्या आयुष्यातूनही उठून जातो, एवढे व्यवहारज्ञान मला होते. गप्प बसलो. सौ. मात्र गप्प बसली नाही. “पुन्हा चिंचोके काढा की!” ती म्हणाली.

पण साठी उलटलेल्या माणसांच्या हातात चिंचोके शोभत नाहीत, असे मला उगीचच वाटले. आणि मला पणजीची आठवण झाली. मांडवीच्या पात्रात जुगाराची जहाजे उभी असतात. एका भाच्याच्या आग्रहाने मी एकदा त्यांतल्या एका जहाजावर गेलो होतो, खेळायला नव्हे, पाहायला. तिथे रोख पैसा टेबलावर दिसत नाही. खिडकीशी नोटा द्यायच्या आणि रंगीत गोल चकत्या घ्यायच्या. त्यांना चिप्स म्हणतात. पोकर खेळणारे मातीच्या चिप्सना फार मान देतात. ती माती म्हणजे आपल्या पणतीची माती नव्हे. तिच्यात इतर द्रव्ये मिसळून ती साच्यात दाबलेली असते. चकती ३९ मिलिमीटर रुंद आणि दहा ग्रॅमच्या आसपास वजनाची. कडेला वेगळ्या रंगाचे ठिपके असतात. त्यामुळे चळत बाजूने पाहूनच मोजता येते आणि नक्कल करणे अवघड जाते. पाचशेची नोट काढताना दोनदा विचार करील असा एक गृहस्थ तिथे चकत्यांची चळत बोटाने पुढे सरकवत होता. चकतीचा खरा उपयोग मला तेव्हा कळला. पैसा विसरायला लावणे, हाच तो उपयोग.

मला नेमकी उलटी चकती हवी होती. जिचा पुन्हा पैसा होतच नाही अशी.

एका रविवारी धाकट्याच्या घरी गेलो. पत्त्यांचे नावही न काढता म्हटले, “मातीच्या चकत्या करायच्यात. तुझा चित्राचा हात चांगला. ठसे काढून देशील का?” तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “काढीन. पण आधी वेरूळला जाऊ.”

एस.टी.ने निघालो. वाटेत दौलताबादचा किल्ला दिसताच माझ्यातला मास्तर जागा झाला. महंमद तुघलकाने १३३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालवायचा हुकूम केला. त्यांतली काही याच दौलताबादच्या टांकसाळीत पडली. पण खऱ्याखोट्याची खूण पटावी असे त्यांत काही नव्हते. घरोघर टांकसाळी निघाल्या. शेवटी सुलतानाला ती नाणी परत घेऊन खजिन्यातून खरा पैसा द्यावा लागला. “म्हणजे चकती खोटी असली तरी चालते,” धाकटा म्हणाला, “देणारा खरा लागतो.” मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

वेरूळला एकविसाव्या लेण्यात शंकर-पार्वती द्यूत खेळताना कोरलेले आहेत. चौदाव्यात आणि एकोणतिसाव्यातही हाच प्रसंग आहे. देव खेळताहेत, भोवती परिवार आहे, आणि खाली नंदीच्या खोड्या काढणारे गण. धाकट्याने वही काढली. पण शंकर नाही, पार्वती नाही, त्याने नंदी काढला. “खेळतात ते दोघे,” तो म्हणाला, “आणि सोसतो हा. घरातल्यांसारखा.” त्या नंदीपाशी आमचे त्या रात्रीविषयीचे सगळे बोलणे झाले. म्हणजे तेवढ्या एका वाक्यात झाले.

ठसे तीन ठरले. लाल चकतीवर कवडी, तिची किंमत एक. काळीवर शहराचा दरवाजा, तिची पाच. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, पण दरवाज्यांचे शहर ही ओळख कायम आहे. पांढरीवर नंदी, पंचवीस. प्रत्येकाला तीस लाल, आठ काळ्या आणि दोन पांढऱ्या. पाचजणांच्या मिळून दोनशे.

कुंभारवाड्यातल्या आमच्या ओळखीच्या कुंभारकाकांनी ठसे उलटसुलट करून पाहिले. मी मापाचा कागद पुढे केला. “मास्तर, माती कागद वाचत नाही,” ते म्हणाले. ते खरेच ठरले. ३९ मिलिमीटरच्या कापलेल्या चकत्या वाळून आणि भाजून पस्तीसच्या झाल्या. शिवाय उन्हात ठेवल्यामुळे पापडासारख्या वाकल्या. दुसऱ्या खेपेला ४३ ची चकती कापली, जाडी थोडी वाढवली, सावलीत फळीखाली दाबून रोज उलटवली. ना ओली ना कोरडी अशी असताना धाकट्याने कडेला चाकूने खाचा पाडल्या. कवडीला एक, दरवाज्याला दोन, नंदीला तीन. अंधारातही बोटाला कळावे म्हणून. लाल चकत्या भट्टीतून आपसूकच लाल आल्या. काळ्या भुश्यात कोंडून धुरावल्या. पांढऱ्यांवर भाजण्याआधीच पांढऱ्या मातीचा हात दिला होता. मेण लावून पुसल्यावर त्या अशा दिसू लागल्या, की सौ.ने त्या चिवड्याच्या डब्यात ठेवायची परवानगी दिली.

गेल्या पाडव्याला धाकटा आला. पहिले चार डाव अगदी अळणी झाले. हरण्याची भीतीच नाही, तर तीन पत्तीत राहते काय? मेहुणे जांभई देऊ लागले. तेव्हा धाकट्यानेच नियम काढला, की जो जिंकेल त्याने सकाळी सगळ्यांना गुलमंडीवरची इमरती आणायची. हरणाऱ्याने फक्त खायची. खेळाला एकदम मीठ आले. आणखी एक गंमत झाली. मातीची चकती फेकता येत नाही. जपून उचलावी लागते आणि जपून ठेवावी लागते. नोटा फेकताना आमचे हात जसे होत, तसे ते त्या रात्री राहिले नाहीत. एकदा जुन्या सवयीने मी एक कवडी भिरकावली. ती फरशीवर पडून दुभंगली आणि सगळे माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू मी बशी फोडली.

शेवटच्या डावात धाकट्याने दोन्ही नंदी पुढे सरकवले. मी पाने टाकली. त्याच्या हातात काहीच नव्हते. पत्ता दोनाचा, चौकटचा, आणि तसलेच आणखी दोन! तो जिंकला. मी मुद्दाम हरलो असे सौ.ला वाटते. हरलो नाही, हरवला गेलो. आणि इतका आनंद मला जिंकूनही कधी झाला नव्हता.

भाऊबीजेच्या सकाळी तो इमरतीचा पुडा घेऊन दारात उभा होता. पुडा तारेवरच्या कसरतीने उघडत असताना त्याला ती फुटकी चकती दिसली. “काकांकडे जास्तीच्या भाजलेल्या आहेत,” तो म्हणाला, “बदलून आणतो.”

मी नको म्हटले. चिवड्याच्या त्या डब्यात आता १९९ चकत्या आहेत आणि दोन ठिकऱ्या. यंदाच्या पाडव्याला वाटणी करताना त्या ठिकऱ्या मी माझ्याकडेच घेणार आहे.