चाक आणि अनुस्वार

मोटारींविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार जवळजवळ शून्य आहे. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. दाराशी उभ्या असलेल्या आमच्याच गाडीच्या चाकांचे माप कुणी विचारले तर ते खाली वाकून वाचावे लागेल. तरीही गेले वर्षभर इंग्लंडातल्या एका जुन्या मोटारीच्या चाकांवरून आमच्या नात्यात जो वाद चालला होता, त्यात आम्हांला ओढले गेले, आणि ओढले गेल्यावर तो आमच्याच विषयातला आहे असे वाटू लागले.

मोटार आमच्यापैकी एकीच्या मामांची. मामा १९७०च्या दशकात शिकायला म्हणून गेले ते बर्मिंगहॅमजवळच राहिले. त्यांची एमजीबी १९७२ सालची. एमजी ही अक्षरे आज आपल्याकडे उच्चारली की विद्यार्थ्यांना २०१९पासून रस्त्यांवर दिसू लागलेली, गुजरातेत हालोलला बनणारी थोराड गाडी आठवते. तिचे आणि हिचे नाते नावापुरतेच. मूळ अक्षरे ऑक्सफर्डच्या मॉरिस गराजेसची. एमजीबी ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात बनली, पाच लाखांहून अधिक. दोघांपुरती जागा, छप्पर उघडे, १७९८ सीसीचे इंजिन, वजन टनाहून थोडे कमी. चाके पत्र्याची, रंगवलेली, १४ इंची.

मामेभावाला ती १६ इंची हवी होती, मिश्रधातूची, हलकी आणि चकचकीत. त्याची कारणे पोरकट नव्हती. १४ इंची अरुंद टायरांत उत्तम प्रतीची निवड आता फारशी उरलेली नाही, आणि नव्या घडणीचे रबर ओल्या रस्त्यावर जुन्यापेक्षा पुष्कळ चांगले धरते. "ताई, बाबांना तूच सांग. गाडी काय संग्रहालयात ठेवायची आहे?" असे तो फोनवर म्हणाला, तेव्हा आम्ही प्रथम त्याच्याच बाजूचे होतो.

१६ इंच म्हणजे चाक मोठे होते, हा आमचा समज त्यानेच दूर केला. इंचांचे ते माप धातूच्या रिमचे. रबरासकट चाकाची उंची जवळजवळ तीच ठेवावी लागते. मामांच्या गाडीला १६५/८० आर १४ टायर होते. १६५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर बाजूच्या भिंतीची उंची, आणि सारे मिळून सुमारे ६२० मिलिमीटर व्यास. त्याने निवडलेले टायर १९५/५५ आर १६. त्यांचा व्यास ६२१. फरक एका मिलिमीटरचा! वेगदर्शक काट्याला पत्ताही लागणार नाही. धातू वाढला, रबर आटले: १३२ची भिंत १०७वर आली. मागच्या चाकावरच्या कमानीची आतली कड तेवढी दुमडून घ्यावी लागली, नाहीतर वळणावर ती रुंद टायरला घासली असती.

तर गणित चोख. पण ज्यांनी ती गाडी आखली त्यांच्या लेखी रबराची ती उंच, मऊ भिंत ही गाडीच्या झोळाचाच एक भाग होती. मागे बैलगाडीच्या जातीचा अखंड आस आणि पट्ट्यांच्या स्प्रिंगा, हिसके शोषणारे दांडीवजा जुने डॅम्पर. रस्त्याचा पहिला मार टायरने पोटात घ्यायचा, उरलेला या मंडळींनी. भिंत आखूड आणि ताठ झाली की तो मार थेट वर जातो. शिवाय अरुंद टायर आपली पकड हळूहळू सोडते, सोडण्याआधी हाताला कळवते. रुंद टायर जास्त धरते, मात्र सोडते तेव्हा जास्त वेगात आणि कमी सूचनेने. ज्या गाडीचा सगळा आनंद मध्यम वेगात, हातांना मिळणाऱ्या या कुजबुजीत होता, तिची पकड वाढवून तिला काय दिले, हा प्रश्न आम्हांला तेव्हापासून सतावू लागला. नव्या गाड्यांना मोठी रिम लागते त्याला कारणे आहेत: त्या जड आहेत, त्यांच्या ब्रेकच्या तबकड्या मोठ्या आहेत, आणि त्यांची अंगे इतकी उंच आहेत की लहान चाक त्यांखाली हास्यास्पद दिसेल. यांतले एकही कारण एमजीबीला लागू नाही.

जुने तेच बरे म्हणणाऱ्यांनाही इतिहास साथ देत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या एमजी टीसीला १९ इंची चाके होती. १९५५ची एमजीए १५वर आली, एमजीबी १४वर. पुढे १९९३ ते १९९५ या काळात याच गाडीचा आरव्ही८ नावाचा अवतार काढला, तो पुन्हा १५वर. म्हणजे १४ ही काही वेदवाक्य असलेली संख्या नव्हे.

योगायोग असा की एमजीबी आली त्याच १९६२ साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वार गेला. 'नांव' आणि 'नाव' एक झाले. 'घरीं' मधला तो टिंब गळून पडला. पुढच्या पिढीसाठी काढलेल्या जुन्या कवितांच्या पुस्तकांतूनही कित्येक ठिकाणी तो गाळला जातो. विद्यार्थी अडखळत नाहीत. गाडी छान चालते. पण टिंब जाताच कवीने ज्यावर भार टाकला होता ती विभक्तीची खूण जाते, मग तळटीप द्यावी लागते, मग तळटिपेचाही अर्थ सांगावा लागतो. आमच्यापैकी एकाला हे सारे क्षम्य वाटते, कारण कविता वाचली तर जाते. दुसरीचे म्हणणे, जी वाचली गेली ती कोणती? यावर आमचे एकमत झालेले नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली म्हणून आपण हात जोडतो, आणि राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व मानलेली प्रत छापली म्हणून त्यांनाही.

मामांचा मात्र या वादात वेगळाच मुद्दा निघाला, आणि तो त्यांनी फार उशिरा सांगितला. एमजीबीच्या स्टिअरिंगला कसलीही यांत्रिक मदत नाही. ते निव्वळ खांद्याने फिरवायचे. अरुंद टायरवर ते उभ्या गाडीतही कसेबसे फिरे. मामांचे वय पंचाहत्तरीचे, उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली. ३० मिलिमीटर जादा रबर फरशीवरून फिरवणे त्यांच्याने होणार नव्हते. मामेभाऊ हे ऐकून गप्प झाला. मग म्हणाला, विजेवर चालणारी स्टिअरिंगची मदत आता या गाड्यांना बसवून मिळते, ती बसवू. आणि डॅम्परही बदलून टाकू. मामा म्हणाले, "मग राहिलं काय रे?"

हे आम्ही स्पीकरफोनवर ऐकत होतो. दोघांनीही आमचे मत विचारले नाही, आणि आमच्याजवळ ते नव्हतेही.

दोन आठवड्यांनी मामांनी होकार दिला. स्टिअरिंगची मदत नको, चाके बसव, म्हणाले. मी नाही चालवणार, पण गाडी उभी राहायला नको. आता रविवारी मामेभाऊ चालवतो आणि मामा डावीकडे बसतात. खड्डा आला की तो किती कुठे लागला ते सांगतात. जुनी चार चाके गराजमध्ये भिंतीला टांगली आहेत. पाचवे डिकीत आहे, कारण नवी चारच घेतली होती, आणि व्यास जमतो म्हणून अडीअडचणीला ते चालते.