काही न देणारे डॉक्टर

ज्या डॉक्टरांकडून रिकाम्या हाताने परतावे लागते, त्यांच्यावर श्रद्धा बसणे कठीण! आमचे डॉक्टर नेमके या जातीचे. सर्दीखोकल्याने बेजार होऊन मी त्यांच्या दवाखान्यात जावे, तासभर बाकावर बसावे, आणि त्यांनी घसा पाहून, छातीला नळी लावून म्हणावे, "प्राध्यापकमहाशय, विषाणूंचा ताप आहे. विश्रांती घ्या, पाणी प्या, अंग तापले तर पॅरासिटामॉल घ्या."

"आणि अँटिबायोटिक कॅप्सूल?" मी केविलवाण्या स्वरात विचारी.

"त्या जिवाणूंसाठी. विषाणू त्यांना भीक घालत नाहीत!"

शब्दाशब्दांतले भेद वर्गात शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. पण हा भेद काही पचनी पडेना. घरी येऊन कपाटातल्या उरल्यासुरल्या कॅप्सूल मी गुपचूप घेई, आणि मुदत भरल्यावर सर्दी गेली की श्रेय त्यांना देई!

२०२० च्या सप्टेंबरात आईला कोरोना झाला. आठव्या दिवशी ताप उतरला. खाटेवर बसून ती भाजीत गूळ किती घालायचा ते सुनेला सांगू लागली. मी निर्धास्त झालो. डॉक्टर मात्र रोज फोनवर एकच विचारीत, "बोटावरच्या यंत्रात आकडा किती?"

"८८. पण बोटे गार असतील. ती तर हसतेबोलते आहे!"

"बोटे चोळून पुन्हा पाहा."

पाहिले. ८७.

"आईंना हसू द्या, तुम्ही गाडी काढा! या रोगात कधी कधी दम लागण्याआधीच रक्तातला प्राणवायू उतरतो."

तीन ठिकाणी खाट नव्हती. चौथ्या ठिकाणी मिळाली. तिला प्राणवायू लावला, डेक्सामेथासोन सुरू केले. हे जुने, स्वस्त औषध विषाणूला मारीत नाही. शरीरात पेटलेला दाह शमवते. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांतले मृत्यू त्याने कमी होतात, आणि ज्यांना तो लागत नाही त्यांना त्याचा लाभ नाही, हे त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत दिसले होते. म्हणजे तेथेही प्रश्न तोच : कोणाला द्यायचे, आणि कोणाला नाही!

पंधरा दिवसांनी आई घरी आली आणि पहिल्याच घासाला म्हणाली, "गूळ कमी आहे."

परवा मला पुन्हा सर्दी झाली. डॉक्टरांनी घसा पाहिला, बोटाला यंत्र लावले आणि हसून मान हलवली. मी मुकाट्याने फी ठेवून घरी आलो.

"काय दिले?" सौ.ने विचारले.

"आठवडा दिला," मी म्हणालो, "आणि दम लागला तर त्याच पावली परत यायला सांगितले."

कपाटाकडे मात्र मी फिरकलो नाही.