वजन तेच, अंग निराळं

डायलिसिसला बसण्याआधी एकदा आणि उठल्यावर एकदा, असं माझं वजन दोनदा होतं. त्यातला फरक म्हणजे मशीननं काढलेलं पाणी. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. जादा पाणी सगळं निघाल्यावर राहतं ते ‘ड्राय वेट’. माझं 46 किलो ठरलेलं होतं आणि उठताना काटा 46च दाखवायचा. म्हणून तब्येत टिकून आहे असं घरी सगळे धरून चालले होते. पण उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या होत्या. डाव्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी जोडलेली शीर, तिथं बांगडी चालतच नाही.

तेव्हा माझं हिमोग्लोबिन 8च्या वर जात नव्हतं. हिमायतनगरहून भोकरमार्गे नांदेडला जायचं, तर गाडीत चढतानाच दम लागायचा. हाडांतल्या मज्जेला रक्त बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन निरोगी किडनी स्वतः तयार करते. आमच्या किडन्या ते पुरेसं करत नाहीत, म्हणून इंजेक्शन. 1980च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे औषध बाजारात नव्हतं, पेशंट बाटलीच्या रक्तावर जगायचे. आमच्याकडं अजूनही पहिला सल्ला तोच, रक्त चढवा. पण वारंवार रक्त दिलं की शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि पुढं किडनी बसवायची वेळ आली तर जुळणारी मिळणं अवघड होतं. म्हणून डॉक्टर होता होईल तो ते टाळत.

इंजेक्शन वेळेवर, फ्रीजमधलं, तरी गुण नाही. औषध नकली असेल, असंही कुणी म्हणालं. डोस मात्र डॉक्टरांनी वाढवत नेला नाही. मोठे डोस देऊन हिमोग्लोबिन 13च्या पुढं न्यायचा प्रयत्न झाला तेव्हा हृदयाचे त्रास वाढले, हे 2006च्या एका मोठ्या अभ्यासानं दाखवलं होतं. आता साधारण 10 ते 11.5 पुरे मानतात.

डॉक्टरांनी टेप घेऊन माझा दंड मोजला. हातात यंत्र देऊन म्हणाले, “ताई, जोर लावून मूठ आवळा.” आवळलीच जाईना. रक्तात अल्ब्युमिन कमी, फेरिटिन मात्र भरपूर. साठ्यात लोह होतं, पण मज्जेपर्यंत पोचत नव्हतं, कारण शरीरात कुठंतरी सूज धुमसत होती. ती निघाली दाढेत, तिथं पू झाला होता. आणि काट्याचं कोडंही या तपासणीतच उलगडलं. अंगावरचं मांस झडलं होतं, त्या जागी पाणी भरलं होतं आणि दोन्ही मिळून 46 होत होते. त्या पाण्यानं रक्तही पातळ दिसत होतं. बी कितीही चांगलं असो, रानात कस नसेल तर उगवून येत नाही. इंजेक्शनचं तसंच झालं होतं.

मांस का झडलं, याचं उत्तर आमच्या चुलीपाशी होतं. डायलिसिस सुरू होण्याआधी डाळ, दूध कमी करायला सांगितलेलं असतं, किडनीवर भार नको म्हणून. डायलिसिस लागल्यावर हे पथ्य उलटतं, कारण प्रत्येक वेळी मशीनमधून काही ग्रॅम अमिनो आम्लं वाहून जातात. किलोमागं दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं लागतात. पण जुनं पथ्य घरात मुरलेलं असतं. प्रेमापोटीच मला पातळ भात आणि दुधीचं पाणी मिळत होतं. माझ्यासारख्या कितीतरी बाया अशा झिजत असतील, याचा विचार आला की जीव कासावीस होतो.

दाढ काढली. ड्राय वेट खाली आणलं, पायांची सूज उतरली. गळ्यात माळ, अंडं चालत नाही. मग ज्वारीच्या भाकरीसोबत घट्ट मूगवरण, दही, घरचं पनीर, आणि जेवणातच फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी. भाज्या चिरून कोमट पाण्यात भिजवायच्या, ते पाणी टाकायचं, म्हणजे पोटॅशियम उतरतं. महाशिवरात्रीला आमच्या हिमायतनगरच्या परमेश्वर मंदिराची यात्रा भरते, गाव उपवास करतं. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत आणि रताळ्यात पोटॅशियम, म्हणून मी उपवास सोडले. आत्याबाईंना आधी रुचलं नाही. मग दर्शनाला निघताना त्यांनीच माझ्या पुढ्यात वरण-भाकरीचं ताट ठेवलं.

हिमोग्लोबिन हळूहळू 10.4वर आलं, तेही आधीपेक्षा कमी इंजेक्शनांत. काट्यावरचं वजन पुन्हा थोडं वाढलंय, पण यंदा पाय सुजलेले नाहीत आणि दंडाचा घेर वाढलाय. माझ्या शेजारच्या खाटेवर नवी मुलगी येते, घरून भाताची पेज घेऊन. तिच्या आईला मी ताटात काय काय वाढायचं ते सांगते, आणि डॉक्टरांकडून दंड मोजून घ्या म्हणते.