अडचण

माझ्या साताऱ्याच्या दवाखान्यात धावणाऱ्या मुली येतात, तेव्हा बऱ्याच जणींचा अंगठा नडगीच्या एका ठरावीक जागेवर टेकलेला असतो. घोट्याच्या वर वीतभर, आतल्या कडेला. "मॅडम, आधी पळताना दुखायचं. आता झोपलं तरी ठणकतं." तिथं बोटानं दाबलं की मुलगी पाय ओढून घेते. एमआरआय काढला की हाडात बारीक भेग दिसते. हे स्ट्रेस फ्रॅक्चर. पडून किंवा धडकून मोडलेलं हाड वेगळं आणि हे वेगळं. रोजच्या हजारो पावलांनी हाडाची थोडी झीज होतेच आणि विश्रांतीत ती भरून निघते. या मुलींच्या हाडात ती भरून निघालेली नसते.

क्रीडावैद्यकाचं काम करायला लागले तेव्हा माझे प्रश्न ठरलेले असायचे. आठवड्याला किती किलोमीटर? बूट किती जुने? मातीवर धावतेस की डांबरावर? उत्तरं लिहून घ्यायची, सहा आठवडे विश्रांती सांगायची, कॅल्शियम द्यायचं आणि पाठवून द्यायचं. त्यातली एक मुलगी आठ महिन्यांनी दुसरा पाय घेऊन आली. पुढं आणखी काही महिन्यांनी आली ती लंगडत, जांघेत दुखतंय म्हणत. या वेळी भेग मांडीच्या हाडाच्या मानेला होती. ही जागा फार धोक्याची. तिथली भेग आरपार गेली तर शस्त्रक्रिया करून स्क्रू घालावे लागतात आणि तरीही खुबा पूर्वीसारखा राहील याची खात्री नसते. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा विचारलं, "पाळी कधी आली होती?"

"अडचण ना? नाही येत. दहावीत असताना यायची."

ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. चार वर्षं तिची पाळी बंद होती आणि त्यातलं दीड वर्ष ती माझ्याकडे उपचार घेत होती. तिची चूक नव्हती, तिच्या आईचीही नव्हती. विचारायचं काम माझं होतं आणि ते मी केलेलं नव्हतं. ती मुलगी पुन्हा स्पर्धेत उतरली नाही. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक खेळाडू मुलीला, दुखणं खांद्याचं असलं तरी, मी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारते.

आपल्या बोलण्यात या गोष्टीला सरळ नाव फार क्वचित वापरलं जातं. आजीच्या पिढीत कावळा शिवायचा, आईच्या पिढीत बाई बाहेरची व्हायची, आजच्या मुलींना अडचण येते. देवळात जायला अडचण, पूजेला बसायला अडचण, तशी मैदानावर जायलाही अडचण. म्हणून मग ती यायची थांबली की सुटका झाल्यासारखं वाटतं. एका मुलीची आई मला म्हणाली होती, "बरंच झालं म्हणलं मी, डॉक्टरीणबाई. सरावात खंड पडंना." प्रशिक्षकांनाही ते सोयीचं वाटतं. काही जण तर पाळी थांबणं ही सराव नीट चालल्याची खूण मानतात. एका प्रशिक्षकांनी माझ्यासमोर बसून तसं सांगितलं होतं, आणि ते मुलींचं मनापासून भलं चिंतणारे गृहस्थ होते.

हे असं का होतं, ते मी मुलींना माण तालुक्यातल्या दुष्काळावरून सांगते. तो सगळ्यांना माहीत असतो. पाऊस पडला नाही की घरातला कर्ता काय करतो? चूल पेटती ठेवतो, जनावरांचा चारा बघतो आणि लग्नकार्य पुढच्या वर्षावर टाकतो. शरीरही तसंच करतं. खाण्यातून आलेल्या ऊर्जेतून आधी सरावाचा खर्च वजा होतो, कारण धावण्याची उधारी ठेवता येत नाही. उरलेल्यात हृदय, मेंदू, श्वास, शरीराची ऊब, हाडांची डागडुजी एवढं सगळं भागवायचं असतं. ते भागेना झालं की मेंदूतून बीजकोशांना जाणारे संदेश मंदावतात, इस्ट्रोजेन घटतं आणि पाळी थांबते. शरीराच्या हिशेबात ते पुढं ढकललेलं लग्नकार्य असतं. पण इस्ट्रोजेनचं काम पाळीपुरतं नसतं, हाडाची झीज आवरून धरण्याचं कामही त्याचंच. आणि हाडाचा बहुतेक साठा विशीच्या आतच जमा होतो. म्हणजे ज्या वयात मुलगी राज्य स्पर्धेसाठी जिवाचं रान करत असते, त्याच वयात तिचं हाड भरायचं असतं. ती वर्षं हातची गेली की पुढं कितीही खाल्लं तरी ती तूट पुरती भरून निघत नाही.

याचं गणित साधं आहे. चरबी सोडून शरीराचं जे वजन उरतं, त्याच्या प्रत्येक किलोमागं, सराव वजा जाता, दिवसाला साधारण ४५ किलोकॅलरी उरायला हव्यात. ३० च्या खाली गेलं की संप्रेरकांची घडी विस्कटायला लागते. आता एक मुलगी घ्या. वजन ४६ किलो, चरबी वगळून ४०. ती दिवसाला १६ किलोमीटर धावते, त्यात ७४० च्या आसपास किलोकॅलरी जातात. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी मेसमधल्या दोन चपात्या, भाजी, वरण-भात, रात्री एक भाकरी आणि पातळ आमटी, मध्ये एखादं केळं. फार तर १६००. सराव वजा करा, उरले ८६०. चाळिसानं भागा. साडेएकवीस. तिला हवेत अडीच हजारांच्या वर. या मुलीला कुणी उपाशी ठेवलेलं नाही, ती दोन्ही वेळा जेवते. घरातली बाकीची माणसं जेवढं जेवतात तेवढंच ती जेवते, आणि तिथंच सगळं चुकतं.

वैद्यकानं या प्रकाराची नोंद घ्यायलाही उशीर केला. कमी आहार, बंद झालेली पाळी आणि ठिसूळ हाडं या तिन्ही गोष्टींना एकत्र जोडून नाव दिलं गेलं ते १९९२ मध्ये. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी त्याची व्याप्ती वाढवली, रेड-एस असं नाव दिलं आणि हे पुरुष खेळाडूंनाही होतं हे मान्य केलं. उशिराचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत क्रीडाविज्ञानातले पाच हजारांहून अधिक शोधनिबंध तपासले होते. त्यात फक्त स्त्रियांवर केलेला अभ्यास होता ६ टक्के. आपल्या मुलींच्या हातात सरावाचे जे तक्ते पडतात, ते मुळात पुरुषांच्या शरीरावर बेतलेले असतात.

शर्यतीच तर किती उशिरा खुल्या झाल्या! १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या, शर्यत संपल्यावर त्या कोसळल्याच्या बातम्या रंगवून छापल्या गेल्या, आणि ती शर्यत १९६० पर्यंत ऑलिम्पिकमधून काढून टाकली गेली. महिलांची मॅरेथॉन आली १९८४ मध्ये. अडथळ्यांची ३००० मीटर, म्हणजे स्टीपलचेस, थेट २००८ मध्ये. आणि त्यानंतर आठच वर्षांनी आमच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर रिओच्या ट्रॅकवर त्या शर्यतीची अंतिम फेरी धावत होती. खो-खोतून पुढं आलेली मुलगी. प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत ती दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावली, त्यानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय महिला. तिच्या आधी सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं होतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या वह्यांत या दोघींचे फोटो चिकटवलेले असतात. ते फोटो बघितले की मला बरं वाटतं. आणि याच मुलींच्या नडग्यांना भेगा पडतात याचा त्रासही तेव्हाच जास्त होतो.

हे फक्त गरिबीचं किंवा खेडेगावचं दुखणं आहे, असं कुणी समजू नये. अमेरिकेची मेरी केन २०१३ मध्ये, सतराव्या वर्षी, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरची अंतिम फेरी धावली होती. पैसा, प्रयोगशाळा, नावाजलेला प्रशिक्षक, सगळं तिच्या दिमतीला होतं. २०१९ मध्ये तिनं जाहीरपणे सांगितलं की वजन आणखी, आणखी कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. तिला इतरांसमोर वजनकाट्यावर उभं केलं जायचं. हे वाचलं तेव्हा मला इथलंच एक मैदान डोळ्यांसमोर आलं. तिथं दर सोमवारी मुला-मुलींची एकच रांग लावून वजन घेत आणि आकडा मोठ्यानं वाचत. रविवारी रात्री त्यातल्या कित्येक मुली जेवायच्याच नाहीत.

वजनकाट्याची सत्ता किती मोठी असते, ते ७ ऑगस्ट २०२४ ला सगळ्या देशानं पाहिलं. आदल्या दिवशी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीच्या ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचलेली विनेश फोगाट त्या सकाळी १०० ग्रॅमनं जास्त भरली आणि बाद झाली. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही ते १०० ग्रॅम उतरले नाहीत. त्याच दिवशी संध्याकाळी वेटलिफ्टर मीराबाई चानू १९९ किलो वजन उचलून चौथी आली. कांस्यपदक २०० किलोला गेलं. नंतर तिनं कॅमेऱ्यासमोर सांगितलं, पाळीचा तिसरा दिवस होता, थोडा अशक्तपणा वाटत होता. त्या एका वाक्यावर किती जणांनी नाक मुरडलं! मला ते वाक्य एखाद्या पदकाच्या तोलाचं वाटतं. एवढ्या मोठ्या खेळाडूनं ते उघड म्हटल्यावर माझ्या दवाखान्यात दोन मुलींनी न विचारता पाळीचा विषय काढला. एरवी असं होत नाही. पाळी आली म्हणून खेळ थांबवायला हवा असंही नाही. त्या दिवसांतही स्त्रिया धावल्या आहेत, जिंकल्या आहेत. मुलीला आपलं चक्र माहीत असावं आणि ते प्रशिक्षकाशी बोलता यावं, एवढंच.

रक्ताचंही सांगायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १० असताना मुलगी १०,००० मीटरची तयारी करत असते आणि तिला आळशी म्हटलं जातं. लोहाची गोळी दिली तरी ती चहाबरोबर घेतली जाते आणि निम्मी वाया जाते. कष्टाच्या सरावानंतर तीन ते सहा तासांच्या सुमारास आतडी लोह नीट शोषून घेत नाहीत, म्हणून गोळी सरावाच्या आधी किंवा सराव संपल्या संपल्या, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. आपल्या घरांत अळिवाचे लाडू होतात ते बाळंतिणीसाठी. लोहानं भरलेला हा लाडू धावणाऱ्या लेकीच्या डब्यात कधी दिसत नाही. शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू, नाचणीची भाकरी, अंडी, दही-भात यांनीच बरं होतं. मी परदेशी पावडरीचे डबे लिहून देत नाही. पाळी परत आणण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या देण्याचीही एक पद्धत आहे. ती मला मान्य नाही. गोळीनं महिन्याला रक्तस्राव होतो, सगळे निर्धास्त होतात आणि आतली तूट तशीच राहते.

बंद पडलेली पाळी खाणं वाढवून, सराव थोडा कमी करून परत येते. काही महिने लागतात, काहींना वर्षाच्या वर लागतं. तेवढा काळ घरच्यांनी धीर धरायचा असतो आणि तो धरला जात नाही, कारण निवड चाचणी तोंडावर असते, खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी असते, वय निघून चाललेलं असतं. मघाच्या त्याच आईनं शेवटी हळूच विचारलं होतं, "पुढं लेकरूबाळ हुईल न्हवं?" होईल, ताई, वेळेवर आलात म्हणून होईल, असं मी तिला सांगितलं. बॉक्सर मेरी कोमला २००७ मध्ये जुळी मुलं झाली आणि २००८ मध्ये ती पुन्हा जगज्जेती झाली, हेही सांगितलं. पण मला सगळ्यात जास्त सांगायचं होतं ते असं, की मूल व्हावं म्हणून तर खरंच, पण त्याच्या आधी तिचं स्वतःचं हाड शाबूत राहावं म्हणून ही पाळी यायला हवी. तिला धावायचं आहे, हे कारण पुरेसं मोठं आहे.

त्या आईची मुलगी आता रोज पाच वेळा खाते. उपचाराच्या अकराव्या महिन्यात तिचा फोन आला, सकाळी सहाला, मैदानावरून. "मॅडम, अडचण आली!" एवढं ओरडली की मागचे सगळे ऐकत असणार.

हा दिवाळी अंक घरात येईल तेव्हा फराळ झालेला असेल. तुमच्या घरात, शेजारात, शाळेत धावणारी, कुस्ती खेळणारी, जिम्नॅस्टिक करणारी मुलगी असेल, तर करंजीचं ताट तिच्यापासून लांब ठेवू नका. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिला तिच्या तारखा लिहू द्या, दुधाच्या हिशेबाशेजारी, सगळ्यांना दिसतील अशा. लागोपाठ तीन महिने तिथं खूण दिसली नाही किंवा पंधरावं वर्ष संपूनही पहिली पाळी आली नाही, तर पायात दुखायची वाट न बघता तिला डॉक्टरकडे घेऊन जा.