गिरणगावच्या अन्नपूर्णा

मुंबई पाहावयास येणारा प्रवासी गेटवे, चौपाटी आणि मलबार हिल पाहून बहुधा संतुष्ट मनाने परततो. परंतु ज्या श्रमांवर ही नगरी वाढली त्यांची ओळख करून घ्यावयाची असेल तर, वाचकहो, आपण करी रोड स्थानकावर उतरावे आणि लालबाग-परळच्या रस्त्यांनी पायी हिंडावे. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे सूतगिरणीचा पाया घातला आणि पुढे या सबंध भागाला ‘गिरणगाव’ हे नाव पडले. आज गिरण्यांच्या जागी उत्तुंग इमारती व कचेऱ्या आल्या आहेत; मधूनच एखादे धुराडे दिसते. काही जुन्या चाळी मात्र अद्याप उभ्या आहेत. आपणांस सांगावयाची हकीकत या चाळींतील चुलींची आहे.

कोकणातून व घाटावरून आलेला कामगार घरची माणसे गावी ठेवून येई. एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने राहत. त्यांच्या जेवणाची सोय चाळीतल्याच बायका करीत. कोणाला भात आणि माशांचे कालवण हवे, तर कोणाला भाकरी आणि झुणका. रात्रपाळीचा डबा वेगळा. या घरगुती खानावळींवाचून गिरण्यांचे माग चालले नसते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

तथापि जी बाई इतक्यांना जेवू घालीत असे, तिच्या हाती काय उरे? कामगार महिनाअखेर पैसे देत. तांदूळ, तेल आणि रॉकेल मात्र आधी भरावे लागे. वाणी उधार देई, पण चढ्या भावाने. सावकाराचे व्याज त्याहून जबर. अडचणीच्या वेळी मंगळसूत्रही गहाण पडे. एखादा कामगार पैसे न देताच गावी निघून गेला तर ते नुकसान तिचेच. १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते; परंतु तारण म्हणून ठेवावयास हिच्यापाशी भांड्यांवाचून काही नव्हते.

गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे कामगार चळवळीत काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी हे जवळून पाहिले होते. १९७५ साली त्यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले. प्रारंभी १४ खानावळवाल्या एकत्र आल्या. एकीने दुसरीला जामीन राहावयाचे, हेच त्यांचे तारण. राष्ट्रीयीकृत बँकेकडून प्रत्येकीला सुमारे १,५०० रुपयांचे कर्ज मिळाले. रक्कम लहान खरी. पण तिच्या बळावर महिन्याचा शिधा रोखीने आणता आला आणि उधारीचा चढा भाव टळला. जो नफा पूर्वी दुकानदाराच्या वहीत जमा होई, तो घरात राहू लागला. ज्या बाईला कधी सही करण्याचे कारण पडले नव्हते, ती आता हप्ता घेऊन स्वतः बँकेत जाऊ लागली. तिचे रांधणे हा व्यवसाय आहे, हे प्रथमच कागदावर मान्य झाले.

पुढे कसोटीचा काळ आला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबले, तशा खानावळीही अडचणीत आल्या. अनेक कामगार गावी परतले ते कायमचेच. केवळ गिरणीच्या भोंग्यावर विसंबून चालणार नाही, हे यातून स्पष्ट झाले. मंडळाने आपले काम अधिक विस्तारले. कचेऱ्यांना व समारंभांना जेवण पुरविणे, स्त्रियांना प्रशिक्षण देणे, निराधार स्त्रियांना आसरा देणे अशी कामे त्याने हाती घेतली. १९९३ पासून प्रेमाताईंच्या कन्या मेधा सामंत यांनी पुण्याच्या वस्त्यांत लहान कर्जांचे असेच कार्य उभे केले. २००२ साली प्रेमाताईंना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले.

आपण दिल्लीत राहत असा, इंदूरला वा हैदराबादला. आपल्या शहरातही कामकऱ्यांना दोन वेळा जेवू घालणारी एखादी बाई असेलच. तिच्या हातची चव आपण वाखाणतोच. तिचा शिधा कोणाच्या उधारीवर येतो, तेही एकदा आस्थेने विचारावे. लालबागच्या त्या १४ जणींच्या बाबतीत सारा फरक तेवढ्याच एका गोष्टीने पडला होता.