बिऱ्हाड लावताना

२०१२ सालची गोष्ट. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका पतसंस्थेसाठी आम्ही सभासदांच्या नोंदींचं नवं सॉफ्टवेअर केलं होतं. शनिवारी रात्री ते त्यांच्या सर्व्हरवर टाकलं. लॉगमध्ये एकही त्रुटी नव्हती. लॉगिन होत होतं, खातेक्रमांक टाकला की खातं उघडत होतं, पासबुकाची छपाई नीट येत होती. सोमवारी काउंटर उघडलं आणि थोड्याच वेळात तिथल्या ज्येष्ठ लेखनिक बाई माझ्यापाशी आल्या. "साहेब, शिंदे म्हणून शोधलं तर एकही सभासद नाही म्हणतंय. निम्मं गाव शिंद्यांचं आहे आमचं."

मी स्वतः टाइप करून पाहिलं. शिंदे नाही, जाधव नाही, कांबळे नाही. माझ्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम, तोच डेटा, आणि तिथे सगळे सापडत होते. बाकावर पैसे काढायला आलेली माणसं बसली होती. एका आजोबांच्या हातात औषधांची चिठ्ठी होती. त्या सकाळी माझ्या कामाबद्दल मला जे उमगलं, ते नंतर कुठल्याही पुस्तकाने इतकं स्पष्ट सांगितलं नाही.

हे काम नेमकं काय असतं, ते आधी सांगतो. आमच्या पद्धतीने लिहिलेलं जावाचं वेब अ‍ॅप्लिकेशन एकटं चालत नाही. ब्राउझरकडून आलेली विनंती स्वीकारणं, ती योग्य त्या कोडपर्यंत पोहोचवणं, कोण लॉगिन करून बसलंय ते लक्षात ठेवणं, डेटाबेसच्या जोडण्या तयार ठेवणं ही कामं सर्व्हर करतो. अ‍ॅप्लिकेशन त्याच्या आश्रयाला राहायला जातं. जुन्या पुण्यातले वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना ही रचना पटकन कळेल. दिंडी दरवाजा, चौक आणि नळ सगळ्यांचे. खोल्या ज्याच्या त्याच्या. आम्ही वापरत होतो त्या टॉमकॅट नावाच्या सर्व्हरमध्ये 'लिब' नावाचं फोल्डर म्हणजे सामाईक चौक. तिथे ठेवलेल्या लायब्ऱ्या सगळ्या बिऱ्हाडांना वापरता येतात. प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनचं स्वतःचं सामान त्याच्या 'वेब-इन्फ' फोल्डरमध्ये. ते माजघर; ब्राउझरमधून कुणी थेट तिथला पत्ता टाकला तरी सर्व्हर आत जाऊ देत नाही.

हे सगळं सामान एका वॉर फाइलमध्ये बांधून येतं. नाव भारदस्त असलं तरी ती साधी झिप फाइल असते. तिचा साचा १९९९ साली 'सर्व्हलेट' या जावाच्या वेब-नियमावलीच्या २.२ या आवृत्तीने ठरवून दिला. त्याच वर्षी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी लिहिलेला सर्व्हर कंपनीने अपाची फाउंडेशनच्या हवाली केला, तोच टॉमकॅट. ओ'रायली प्रकाशनाच्या तांत्रिक पुस्तकांवर प्राण्यांची चित्रं असतात. आपल्या सर्व्हरवरही असं पुस्तक येईल म्हणून डेव्हिडसन यांना प्राण्याचंच नाव हवं होतं, आणि स्वतःचं स्वतः निभावणारा प्राणी म्हणून त्यांनी बोका निवडला. पुस्तक पुढे आलं, त्याच्या मुखपृष्ठावर मात्र हिमबिबट्या होता.

वॉर फाइलमागचा विचार उदार होता: कुणीही लिहावं, कुठेही बिऱ्हाड लावावं. तो बऱ्याच अंशी खराही ठरला. पण फाइलमध्ये बांधून येतं ते सामान. घरातल्या सवयी बांधून येत नाहीत.

शिंद्यांचं तेच झालं होतं. मराठी अक्षरं यूटीएफ-८ मध्ये पाठवताना देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. 'शिंदे' या शब्दात श, वेलांटी, अनुस्वार, द आणि मात्रा अशा पाच खुणा, म्हणजे १५ बाइट. शोधाचा शब्द ब्राउझरच्या पत्त्यातून जात होता, आणि टॉमकॅट ७ पर्यंतचे सर्व्हर पत्त्यातली अक्षरं मुळात युरोपीय लिपीसाठी केलेल्या आयएसओ ८८५९-१ या संकेतानुसार वाचत. त्या संकेतात एक बाइट म्हणजे एक अक्षर. सर्व्हर अगदी प्रामाणिकपणे १५ अनोळखी अक्षरांचं आडनाव डेटाबेसमध्ये शोधत होता आणि असा सभासद नाही, हे त्याचं उत्तर बरोबर होतं. माझ्या लॅपटॉपवर मी काही वर्षांपूर्वी कधीतरी 'सर्व्हर-एक्सएमएल' फाइलमध्ये यूटीएफ-८ चा एक शब्द घालून ठेवला होता आणि पार विसरलो होतो. पतसंस्थेच्या सर्व्हरवर तो घातला, रीस्टार्ट केलं आणि शिंदे सापडले. टॉमकॅट ८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ धोरण झालं, पण मला मिळायचा तो धडा मिळून गेला होता.

सर्व्हरवर अ‍ॅप्लिकेशन बसवताना जे बिघडतं, त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा कुणीतरी न बोलता धरलेलं गृहीत असतं. तेव्हापासून मी बिघाडाकडे याच नजरेने पाहतो आणि ही नजर मला क्वचितच दगा देते.

काही गृहीतं सर्व्हर स्वतःच बोलून दाखवतो. जावा १७ वर तयार केलेला कोड जावा ११ च्या सर्व्हरवर टाकला, की लॉगमध्ये ६१ आणि ५५ हे दोन आकडे येतात. ते क्लास फाइलच्या आवृत्तीचे क्रमांक. हातातली फाइल ६१ ची आहे, मला ५५ पर्यंतचंच वाचता येतं, असं तो सरळ सांगतो. नवी मुलं ही लांबलचक त्रुटी पाहून घाबरतात. मी त्यांना म्हणतो, "शांतपणे वाच रे, तो तुला मदतच करतोय."

अवघड जातात ती मुकी गृहीतं. पहिलं गृहीत नावांचं. सर्व्हलेट ज्यात मोडतं ती मोठी नियमावली, जावा ईई, ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेली, पण 'जावा' हे नाव ओरॅकलकडेच राहिलं. म्हणून नियमावलीचं नाव जकार्ता ईई झालं, आणि २०२० साली आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये 'जावाएक्स' ने सुरू होणारी पॅकेजची नावं 'जकार्ता' ने सुरू होऊ लागली. टॉमकॅट ९ जुनी नावं ओळखतो, टॉमकॅट १० नवी. जुनं अ‍ॅप्लिकेशन टॉमकॅट १० वर टाकलं तर कित्येकदा लॉगमध्ये तक्रारीचा एक शब्द नसतो. सर्व्हर सुरू होतो आणि पानाच्या जागी 'पान सापडलं नाही' असं सांगणारा ४०४ येतो. आत कुणी राहतंय हे सर्व्हरला कळलेलंच नसतं, कारण त्याने ज्या नावाने हाक मारली ते नाव घरात कुणाचं नव्हतं.

दुसरं गृहीत घाईचं. चालू टॉमकॅटच्या 'वेबअ‍ॅप्स' फोल्डरवर सर्व्हरची सतत नजर असते. नवी वॉर फाइल दिसली की तो ती उलगडायला घेतो. तुम्ही मोठी फाइल संथ नेटवरून थेट तिथे पाठवत असाल, तर तो अर्धवट आलेली फाइल उघडायला जातो आणि झिप फाइल उघडता येत नाही असं सांगतो. म्हणून फाइल आधी त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये पूर्ण येऊ द्यावी, मग नाव बदलावं तशी झटक्यात आत सरकवावी.

तिसरं गृहीत सुरक्षेचं. बाहेरच्यांसाठी ८०८० हे पोर्ट सगळ्यांना ठाऊक असतं. पण पुढे दुसरा वेब सर्व्हर ठेवला तर त्याच्याशी बोलण्यासाठी टॉमकॅटमध्ये ८००९ हे पोर्टही पूर्वी आपोआप उघडं असे. ते कित्येकांनी कधी वापरलंच नाही, म्हणून बंदही केलं नाही. २०२० च्या फेब्रुवारीत घोस्टकॅट नावाची त्रुटी उघड झाली. त्या मागच्या दाराने माजघरातल्या फाइली वाचता येत होत्या, आणि पासवर्ड बऱ्याचदा तिथेच असतात. दुरुस्त आवृत्तीत ते दार मुळातच बंद केलं गेलं. वाड्यात राहायला जाताना आपल्याला लागतात तेवढ्याच दारांची चौकशी करून भागत नाही.

आता काळ बदलला आहे. २०१४ मध्ये स्प्रिंग बूट हे जावाचं साधन आलं आणि टॉमकॅट अ‍ॅप्लिकेशनच्या पोटातच राहू लागला. कंटेनर म्हणजे सगळं सामान एकत्र भरलेली पेटी; तिच्यात तर जावाची आवृत्तीही सोबत बांधून नेता येते. ही फार मोठी सोय आहे आणि मी ती आनंदाने वापरतो. तरी डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, मेमरीची मर्यादा आणि घड्याळ हे बाहेरूनच ठरतं. बहुतेक कंटेनरचं घड्याळ जागतिक वेळेवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. एक एप्रिलला रात्री साडेबारा वाजता व्याजाची आकारणी चालवली, तर कंटेनरच्या लेखी ३१ मार्चचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. नोंद मागच्या आर्थिक वर्षात जाते. पतसंस्थेचा ताळेबंद बिघडायला असा एक दिवस पुरतो.

म्हणून आम्ही बसवण्याआधी एक कागद लिहितो. जावाची आवृत्ती, सर्व्हरची आवृत्ती, अक्षरसंकेत, टाइमझोन, मेमरी, उघडी पोर्टं, लॉगची जागा, डेटाबेस ड्रायव्हर सामाईक चौकात ठेवलाय की माजघरात. शेवटी जुन्या वॉर फाइलची प्रत कुठे आहे आणि बिघडलं तर मागे कसं यायचं. हा कागद ज्याने कोड लिहिला नाही त्याच्या हातात द्यायचा, आणि त्याने कुणालाही न विचारता तेवढ्यावर अ‍ॅप्लिकेशन उभं करून दाखवायचं. तो जिथे अडून विचारतो, तिथे आमचं एक गृहीत सापडतं. ते कागदावर येतं, आणि पुढच्या गावी कुणाची सोमवारची सकाळ वाचते.

त्या कागदाची शेवटची ओळ मात्र इतक्या वर्षांत बदललेली नाही. सर्व्हर सुरू झाला, लॉग स्वच्छ आला, लॉगिन झालं, की शोधाच्या चौकटीत 'शिंदे' टाइप करायचं. यादी उलगडली की मला ते बाकावरचे आजोबा आठवतात. त्यांचं आडनाव मी विचारलं नव्हतं. पण ते काउंटरवर सांगतील तेव्हा सर्व्हरने ते ओळखलं पाहिजे, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप असतो.