आमची शेल-निवड

चाळिशी उलटल्यावर आम्हीं पुनः विद्यार्थी व्हावयाचें ठरविलें. शाळेच्या संगणकांवर लिनक्स आहे. काळ्या पडद्यावर लिहिलेली आज्ञा वाचून यंत्राकडून काम करून घेणारा जो दुभाष्या, त्यास शेल म्हणतात. व त्याच आज्ञा फाइलींत ओळीनें लिहून ठेवल्या कीं झाली स्क्रिप्ट. गुणपत्रकांच्या फाइलींस नांवें देणें, जुन्या काढून टाकणें, ही दरमहाची हमाली तिच्या माथीं मारावी, एवढाच आमचा हेतु.

परंतु दुभाषी पुष्कळ! स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर निघाला. त्याच वळणाचा बॅश १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यांनीं ग्नू प्रकल्पासाठीं लिहिला. पॉल फाल्स्टड यांचा झेडशेल १९९० चा. फिश २००५ चा. तो टंकितांना पुढचें सुचवितो खरा, पण जुन्या घराण्याचें व्याकरण पाळीत नाहीं. घरच्या मॅकवर आम्हीं झेडशेल धरला. अ‍ॅपलनें २०१९ पासून तोच पुढें केला आहे, हें सांगावयाचें कारण; खरें कारण, त्याची रंगीत सजावट आम्हांस भुलवून गेली. शाळेंत मात्र बॅश होता. दोघे भाऊभाऊच, असें आम्ही समजत होतों.

शाळेंत ‘निकाल’ व ‘निकाल जुने’ असे दोन फोल्डर होते. दुसरा पुसण्यासाठीं त्याचें नांव आम्हीं एका चलांत ठेवलें व आरएम ही आज्ञा लिहिली. चलाभोंवतीं अवतरणचिन्हें दिलीं नाहींत. घरीं तसेंच फोल्डर करून झेडशेलाकडून चालवून पाहिलें, बिनचूक! शाळेंत बॅशकडून चालविलें. झेडशेल अशा चलास अखंड एकच शब्द मानतो. बॅश मोकळी जागा दिसतांच त्याचे दोन तुकडे करितो. त्यानें ‘निकाल’ पुसला, आणि ‘जुने’ नांवाचें कांहीं सांपडत नाहीं अशी तक्रार केली. आरएमनें पुसलेलें कचरापेटींत जात नाहीं; तें गेलेंच. नवव्या इयत्तेचे सर्व गुण गेले, आणि पालकसभा परवांवर आलेली!

दहावीचा एक विद्यार्थी जवळ उभा होता. तो हळूच म्हणाला, “सर, आधीं आरएमच्या जागीं एलएस लिहून पाहिलें होतें का?” एलएस नुसती यादी दाखविते, दोन शब्द झाले हें तेथेंच उघड झालें असतें. (एको लिहून भागलें नसतें. तो दोन्ही शब्द शेजारीं शेजारीं छापून आम्हांस निश्चिंत करिता.) आम्हीं त्यास उत्तर दिलें नाहीं.

कागदी नोंदवही होती म्हणून निभावलें. दोन रात्री आमच्या कुटुंबानें गुण वाचावे व आम्हीं टंकावे. तरीही एका मुलीच्या गणिताच्या ४७ चे ७४ झाले. सभेंत तिच्या आईचा चेहरा किती उजळला होता! दुसऱ्या दिवशीं मुलगी स्वतः उत्तरपत्रिका घेऊन आली व म्हणाली, “सर, हे माझे नाहींत.” आम्हीं तिच्या घरीं जाऊन चूक कोणाची तें आईस सांगितलें. त्यांनीं चहा दिला. गणिताविषयीं कांहींच बोलल्या नाहींत.

आतां आमच्या स्क्रिप्टची पहिली ओळ ती बॅशनेंच चालवावी असें यंत्रास सांगते, व ती तपासतो तो दहावीचा विद्यार्थी. गेल्या आठवड्यांत अकराव्या ओळींतलें एक चल त्यास उघडें सांपडलें.